पॅनिक डिसऑर्डर: पारसिकच्या बोगद्यापासून इथवर

मृण्मयी_डोंबिवली | ९ जून, रात्री १०.१५

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात वरच्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी भिंतीला टेकून थरथरत बसली होती. भोवती चार जणी. एक कांदा हुंगवतेय, एक तोंडावर पाणी मारतेय, एक "अगं काय होतंय ते सांग तरी" म्हणतेय. मी तिच्या पायरीवर जाऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "हे चढतं आणि उतरतं. उतरेपर्यंत मी इथे आहे." दहा-बारा मिनिटांत तिचा श्वास ताळ्यावर आला. हेच वाक्य २०१८ मध्ये मला कुणीतरी म्हणायला हवं होतं, असं त्या रात्री सारखं वाटत राहिलं. म्हणून हा धागा.

नोव्हेंबर २०१८. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल, लेडीज डबा, दोन बाकांच्या मध्ये चेंगरून उभी. तेव्हा फास्ट गाड्या दिवा गेलं की पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. त्याच बोगद्यातून मी अकरा वर्षं रोज जात होते. त्या दिवशी गाडी आत शिरली आणि छातीत अशी धडधड सुरू झाली की ती बाजूच्या बाईला ऐकू जात असेल असं वाटलं. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, घशाशी आवळल्यासारखं. आणि एक ठाम खात्री, की मी आत्ता, इथे, या गर्दीत मरणार. ठाण्याला कशी उतरले ते आठवत नाही. एका अनोळखी बाईंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "काही नाही झालेलं, टेन्शन घेऊ नका." त्या दोन शब्दांनी, "काही नाही", मला पुढचे पाच महिने एकटं पाडलं. कारण मला जे झालं होतं ते काहीतरी होतंच.

दुसऱ्यांदा झालं ते नऊ दिवसांनी, घरात, कुकरची शिट्टी होत असताना. तिथून पुढे भीतीची भीती सुरू झाली. आधी फास्ट गाडी सोडली. स्लो लोकल डोंगराला वळसा घालून मुंब्रा-कळव्यावरून जाते, तो बोगदा लागत नाही, म्हणून ती धरली. मग तीही सोडली. मग मोठी रजा. मार्चपर्यंत मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडेही एकटी जात नव्हते. पाण्याची बाटली, चार्ज केलेला फोन, पर्समध्ये गोळी, आणि सात वर्षांच्या लेकाचा हात. रस्ता ओलांडताना तो हात मी त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी धरायचे. हे लिहिताना आजही गलबलून येतं.

नवऱ्याने काय नाही केलं! जिथे जायचं तिथे स्कूटरवर सोडलं, घ्यायला आला, ऑफिसातून दर तासाला फोन केला. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. कुणीच कमी पडलं नाही. तरी माझं जग आक्रसतच गेलं.

एप्रिलमध्ये ठाण्यातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पाऊण तास ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा मला त्या गोष्टीचं नाव सांगितलं: पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके. एस्सिटॅलोप्रॅम ही गोळी सुरू झाली, अगदी कमी मात्रेने. पहिले आठ-दहा दिवस बेचैनी उलट वाढली. तसं होऊ शकतं हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून टिकले. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सकाळी उठल्यावरचा पोटातला गोळा विरघळल्याचं जाणवलं.

पण मला खरं बाहेर काढलं ते समुपदेशक मॅडमनी. त्यांच्याकडे दर आठवड्याला जायचे. शांत कसं व्हायचं हे शिकवतील या अपेक्षेने गेले होते, आणि त्यांनी मला मुद्दाम धडधड करायला लावली. गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवून गरगर फिरवलं. नाक धरून स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. जागच्या जागी पळवलं. छाती धडधडते म्हणून मी जिने चढणंच बंद केलं होतं. गृहपाठ होता रोज चार मजले. "तुमचं हृदय धावलं तर धावू दे, तुम्ही त्याच्यामागे धावू नका," असं त्या म्हणायच्या.

एकदा त्यांनी विचारलं, "बोगदा किती वेळाचा आहे?" मी म्हटलं, दहा मिनिटं तरी असेल. म्हणाल्या, मोजून या. आता आत जायचं तर पायऱ्या हव्यात. आधी नुसतं डोंबिवलीच्या फलाटावर अर्धा तास बसायचं, गाडी न पकडता. मग कोपर. मग दिवा. मग स्लोने ठाणे. प्रत्येक पायरी कंटाळा येईपर्यंत. शेवटी फास्ट, नणंदेबरोबर. तिला मॅडमनी नियम घालून दिले होते: हात धरायचा नाही, "काही होत नाही" म्हणायचं नाही, "उतरायचं का?" हे तर चुकूनही विचारायचं नाही. फक्त घड्याळ बघायचं. मी घामाने निथळत होते. उजेड आला तेव्हा ती म्हणाली, "एक मिनिट अठ्ठावीस सेकंद."

१९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा बोगदा. दीड मिनिटसुद्धा नाही. माझ्या मनात तो पाच महिने दहा मिनिटांचा होता.

ज्या दिवशी एकटी जाऊन आले, त्या संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "मला पण व्हायचं गो असं." १९८७ साली कणकवलीच्या बाजारात पहिल्यांदा. मग एकटीने बाजार बंद, मग एसटी बंद. घरात सगळे म्हणायचे, तिला गर्दी आवडत नाही. बत्तीस वर्षं हा शिक्का घेऊन त्या जगल्या. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी फडके रोडच्या गणपतीला चालत गेलो. परतीच्या वाटेवर मी मुद्दाम शंभर पावलं मागे राहिले. सासूबाईंनीच सांगितलं होतं तसं.

गोळ्या चौदा महिने घेतल्या, मग डॉक्टरांनी हळूहळू उतरवल्या. २०२१ मध्ये पुन्हा झालं. तेव्हा खूप खचले, पण या वेळी आठवडाभरात मदत मागितली आणि तीन महिन्यांत सावरले. आता कधीतरी वर्षातून एखादी लाट येते. येते आणि जाते.

ज्यांना हे होतंय, झालंय, ज्यांच्या घरात होतंय, त्यांनी इथे मोकळेपणाने लिहा.

अभ्यासिकेतला | १० जून, पहाटे ३.०५

ताई, वेळ बघून कळेलच. मी परभणीचा, सदाशिव पेठेत राहून एमपीएससीची तयारी करतोय. दोन महिन्यांत तीन वेळा मित्रांनी रात्री बाइकवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलंय. दोन वेळा तर झोपेतून दचकून उठलो, श्वासच घेता येईना. ईसीजी, टू-डी इको, सगळं नॉर्मल. बिलाचे पैसे रूममेटचे आहेत. पहिल्या दवाखान्यात सिस्टर म्हणाल्या, "अभ्यासाचं नाटक आहे."

झोपेत माणूस टेन्शन कसं घेईल, हे मला कुणी सांगत नाही. वेड लागायची ही सुरुवात आहे का? आणि मानसोपचारांची नोंद झाली तर पुढे नोकरीत आडवी येईल का? घरी सांगितलेलं नाही. आई लगेच म्हणेल, परत ये.

डॉ_तालुका | १० जून, दुपारी २.२०

अभ्यासिकेतला, आधी तुमच्या सर्वांत मोठ्या भीतीबद्दल. वेड लागण्याची ही सुरुवात नाही. आणि झोपेतून असा झटका येणं हे या आजारात आम्ही नेहमी बघतो. त्यासाठी आधी मनात काही चाललेलं असावं लागत नाही. ते नाटक नाही. तुम्हाला तसं म्हटलं गेलं याचं वाईट वाटलं.

मी तालुक्याच्या गावी मानसोपचाराचा दवाखाना चालवतो. शेतकरी, शिक्षक, कंडक्टर, बाळंतिणी, सगळे येतात. बहुतेक जण माझ्याकडे येण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले असतात, आणि पहिल्या वेळी ते बरोबरच आहे. छातीत दुखलं तर स्वतःच "पॅनिक असेल" असं ठरवू नका. विशेषतः चाळिशीपुढे, मधुमेह-रक्तदाब असेल, श्रम केल्यावर दुखत असेल तर. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर एकदा तपासावी. पण एकदा नीट तपासून झाल्यावर त्याच तपासण्या पुन्हा पुन्हा करणं, हे आजाराचं खाद्य बनतं.

आत काय होतं? समोर वाघ आला तर शरीर जे करील तेच, फक्त वाघ नसताना. ॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यानेच बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, कधी बोटं वाकडी होऊन आखडतात. लोकांना वाटतं लकवा मारला. प्राणवायू कमी पडतोय असं वाटतं, पण खरं म्हणजे श्वास गरजेपेक्षा जास्त घेतला जात असतो. चक्कर येऊन पडू ही भीती जवळपास सगळ्यांना असते. मात्र या झटक्यात रक्तदाब सहसा वाढलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात शुद्ध हरपणं फार विरळ. झटका काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग उतरू लागतो, तुम्ही काही केलं नाही तरी. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय करू नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो धोक्याचा आहे.

या आजाराला अमेरिकी वर्गीकरणात स्वतंत्र नाव मिळालं ते १९८० मध्ये. १९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट मांडली: शरीरात काहीतरी जाणवतं, आपण त्याचा अर्थ "मी मरतोय" असा लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि धडधडीने अर्थ पक्का होतो. मृण्मयीताईंना खुर्चीत फिरवलं ते हे चक्र तोडायला. धडधड झाली आणि मेलो नाही, हे शरीराने स्वतः अनुभवावं लागतं. नुसतं सांगून पटत नाही.

नोंदीबद्दल: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तुमच्या उपचारांची माहिती आम्ही कुणालाही सहज देऊ शकत नाही. पुण्यात ससूनची मनोविकार ओपीडी आहे, केसपेपरचे पैसे अगदी किरकोळ. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६, टेली-मानस, केंद्र सरकारची सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. दिवसाला चहा किती होतो?

अभ्यासिकेतला | १० जून, दुपारी २.५१

सात-आठ. परीक्षेच्या आधी दहा.

डॉ_तालुका | १० जून, दुपारी ३.१०

दोनवर आणा, एकदम नाही, आठवडाभरात. दुपारी चारनंतर नको. कॅफिन हे आजाराचं मूळ कारण नाही, पण ठिणगी तेही टाकू शकतं.

साधक_६१ | ११ जून, सकाळी ६.४०

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. निवृत्तीनंतर मलाही असा त्रास सुरू झाला. रोज सकाळी तासभर प्राणायाम केला आणि गोळ्यांशिवाय बरा झालो. मन खंबीर केलं की औषधाची गरज पडत नाही. गोळ्यांची सवय लागते.

मृण्मयी_डोंबिवली | ११ जून, सकाळी ९.३०

काका, तुम्ही बरे झालात याचा मनापासून आनंद आहे. मीही रोज अनुलोम-विलोम करते. पण भस्त्रिका आणि कपालभातीने मला सुरुवातीच्या दिवसांत दोनदा झटका आला, कारण तोही भराभर श्वासच. ज्यांना चालू त्रास आहे त्यांनी सावकाश श्वासाने सुरुवात करावी, सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा लांब.

आणि एक विनंती. "मन खंबीर केलं की" हे वाक्य आजारी माणसाला "तू खंबीर नाहीस" असं ऐकू येतं. मी पाच महिने रोज सकाळी प्रयत्न करत होते. त्याहून खंबीर मी कधीच नव्हते.

साधक_६१ | ११ जून, सकाळी १०.०५

हे लक्षात नव्हतं आलं. माफ करा. पुढच्या वेळी सांगताना जपेन.

जुना_सातारकर | ११ जून, रात्री ९.००

सवयीचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो, ती कुठल्या गोळीने लागते ते. मला २००९ मध्ये आमच्या एका फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ही लगेच शांत करणारी गोळी दिली, पंधरा दिवसांसाठी. वीस मिनिटांत स्वर्ग! चिठ्ठी संपली तरी मेडिकलवाला ओळखीचा होता. अकरा वर्षं घेतली. पाव मिलिग्रॅमची दीडपर्यंत गेली, आणि खिशात पाकीट नसेल तर नुसत्या त्या जाणिवेनेच झटका यायचा. एकदा लग्नाच्या मांडवातून गोळी आणायला चाळीस किलोमीटर मागे गेलोय.

एकदम बंद करून बघितली आणि तीन रात्री हालत इतकी वाईट झाली की विचारू नका. कुणीही असं करू नका, आकडी येऊ शकते. शेवटी मनोविकारतज्ज्ञांनी दुसरं औषध सुरू करून ही सात महिन्यांत उतरवली, शेवटी शेवटी तर गोळीचा चतकोर तुकडा. ताई घेत होत्या ती जात वेगळी. तिचा परिणाम सावकाश, पण तिची अशी ओढ लागत नाही. अर्थात तीही स्वतःच्या मनाने सोडायची नाही. दोन्हींना "झोपेच्या गोळ्या" म्हणून एकाच पारड्यात टाकतात, त्यात माझ्यासारखे भरडले जातात.

सायली_रेडिंग | १२ जून, पहाटे १.३०

इंग्लंडमधून लिहितेय. इथे सरकारी आरोग्यसेवेत बोलण्याच्या उपचारांसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. मी नोंदवलं. थेरपिस्ट फार चांगली होती, पण पहिले तीन आठवडे मी अडकले होते, कारण मला घाबरायला फक्त मराठी येतं. "जीव घाबरा होतो" हे इंग्रजीत सांगितलं की हृदयाचा आजार होतो. "कासावीस" सांगताच येईना. "धस्स झालं" तर नाहीच.

मग तिनेच सुचवलं, रोजच्या नोंदी मराठीत लिही आणि इथे मला समजावून सांग. एकेक शब्द उलगडताना कळलं की धस्स म्हणजे एक क्षण, कासावीस म्हणजे बराच वेळ, आणि हातपाय गळणं हे त्यानंतरचं. माझ्या झटक्याला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे, हे मला माझ्याच भाषेने दाखवलं. ज्यांना शक्य असेल त्यांनी उपचार आपल्या भाषेत घ्यावेत, निदान वही तरी.

अमोल_नागपूर | १४ जून, रात्री ११.२०

मी नवरा या बाजूने विचारतोय. बायकोला दीड वर्ष झालं. लिफ्टमध्ये एकटी जात नाही, म्हणून मी जातो. बँकेत मी जातो. तिच्या आईकडे जायचं तरी मी. ताई, तुमच्या मिस्टरांबद्दलचा परिच्छेद वाचून मी सुन्न झालो. मग करायचं काय? तिला तशीच सोडून द्यायची?

मृण्मयी_डोंबिवली | १५ जून, दुपारी ४.००

नाही हो, सोडून नाही द्यायची. आमच्याकडे मॅडमनी नवऱ्याला एकदा बोलावून घेतलं होतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही तिला आणायला गेला नाहीत तर काय होईल?" तो म्हणाला, "तिला त्रास होईल." "आणि मग?" तो बराच वेळ गप्प होता. मग रडला. त्याला माझा त्रास बघवत नव्हता, आणि मला त्याची काळजी बघवत नव्हती. दोघं मिळून आम्ही त्या भीतीची बडदास्त ठेवत होतो.

आम्ही काय बदललं ते सांगते. तासाचे फोन आधी दिवसाला दोनावर आले, मग बंद. स्कूटर तो आणायचा, पण दोन चौक अलीकडे उभी करायचा. झटका आला की तो बाजूला बसायचा, सावकाश आवाजात किती मिनिटं झाली ते सांगायचा, बाकी काही नाही. "तुला माहितीये ना काही होणार नाही" हे वाक्य घरातून हद्दपार केलं. आणि प्रत्येक पायरी मी ठरवायची, त्याने नाही. हे फार महत्त्वाचं. तुम्ही हे वाचून उद्या तिला लिफ्टमध्ये एकटं ढकललंत तर विश्वास जाईल. आधी तिला विचारा, तिच्या समुपदेशकांना विचारा. नसतील तर शोधायला तिच्याबरोबर बसा.

लिफ्टची सुरुवात कदाचित अशी होईल: ती आत, दार उघडं, तुम्ही बाहेर. तेवढंच, आठवडाभर.

अमोल_नागपूर | १५ जून, रात्री १०.४०

आज हा धागा तिला वाचायला दिला. वाचून झाल्यावर म्हणाली, "दार उघडं, पण तू बाहेर नाही, तूही आत. आधी तसं." ठीक आहे. तिथून सुरू करतो.

अभ्यासिकेतला | ६ जुलै, सकाळी ११.१५

ससूनला जाऊन आलो. थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन कमी निघालं. गोळी सुरू होऊन अठरा दिवस झालेत. पहिल्या आठवड्यात खूप वैतागलो, ताईंनी लिहिलं होतं म्हणून सोडली नाही. चहा तीनवर आलाय, दोनवर नाही अजून.

काल रात्री दोनला पुन्हा दचकून उठलो. रूममेटने सवयीने खिळ्यावरची बाइकची चावी काढली. मी म्हटलं, थांब, घड्याळ लाव. तो चावी हातात धरून समोर बसला. मला वाटलं अर्धा तास झाला, तो म्हणाला सहा मिनिटं. चौदाव्या मिनिटाला मी पाणी मागितलं. त्याने चावी परत अडकवली आणि तो माझ्या आधी झोपला.

सकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं. परत ये म्हणाली नाही. शनिवारी येतेय, सोमवारी ओपीडीला सोबत येणार म्हणते. तिला हा धागा वाचून दाखवणार आहे, अमोलदादांना लिहिलेलं उत्तर आधी.